सरांची शेपटी

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पुन्हा आरडाओरडा झाला, आणि इकडे कवायतीच्या सरांचा आकडा चुकला. सातानंतर थेट पाच.

त्यांच्या रांगेतली चाळीस मुलं हात वर करून तशीच उभी राहिली. हसलं कुणीच नाही. माना मात्र सगळ्यांच्या पलीकडे वळल्या होत्या. तिकडे नव्या बाईंची सातवी 'ब' कमरेला मागे रुमाल खोचून सैरावैरा धावत होती. ज्याची शेपटी कुणी ओढली तो बाद. खेळाच्या तासाआधी अंग गरम करायची ही बाईंची तऱ्हा.

"नव्याचे नऊ दिवस," असं सरांनी शिक्षकांच्या खोलीत पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. आता तिसरा महिना लागला, तरी दहावा दिवस काही उजाडेना. बावीस वर्षं त्यांनी याच मैदानावर मान, खांदे, कंबर, गुडघे असं मोजूनमापून करून घेतलं. एका पोराचा पाय कधी मुरगळू दिला नाही. पण त्यांच्या तासाला कुणी असं धावत आलं नव्हतं. त्यातून आज सगळ्यांत पुढे पळत होती ती त्यांची स्वतःची धाकटी लेक. गेलं वर्षभर सरांच्या तासाला जिचं हटकून पोट दुखायचं, तीच. आता पोटात सरांच्या दुखत होतं.

त्यांनी शिट्टी फुंकली, रांगेला 'विश्राम' दिला आणि तरातरा पलीकडे गेले.

"बाई, एक डाव मलाही घ्या."

बाई खुलल्या. "या की, सर! रुमाल आहे ना?"

सरांनी इस्त्रीचा रुमाल पट्ट्यात खोचला. "हं, चला! लागा माझ्यामागे!"

ते धावले. पन्नाशीच्या मानानं झकास धावले. पण ते जिकडे जात तिकडे वाट मोकळी होई. एकमेकांच्या शेपट्या ओढत किंचाळणारी पोरं सर जवळ आले की टाचा जुळवून उभी राहत. सर मुद्दाम सावकाश पळाले. एकदा तर बुटाची नाडी बांधायला पाठ करून वाकले. रुमालाला कुणी बोटही लावलं नाही.

शेवटी दोघंच उरली, सर आणि धाकटी. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, वेणी सुटली होती, मुठीत पळवलेल्या शेपट्यांचा जुडगा होता. बाद झालेली पोरं कडेला चिडीचूप बसली. सर तिच्यापुढे गेले आणि पाठ करून उभे राहिले. मागून एक हिसका बसावा आणि पोरीनं मैदान दणाणून सोडावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"काढ," ते म्हणाले.

हळूच म्हणायचं होतं. पण जिभेला बावीस वर्षांची सवय. आवाज कवायतीचाच निघाला. हातातलं कडं, खिशातली गोटी, तोंडातली गोळी, सगळं पोरं याच शब्दावर मुकाट्यानं बाहेर काढून देत आली होती.

मग धाकटी समोर आली. तिनं स्वतःच्या कमरेचा रुमाल काढला, त्याची नीट घडी केली आणि सरांच्या हातावर ठेवली.

"तुम्ही जिंकलात, सर."