ओच्यातले पाव

“राणी भुकेल्यांसाठी ओच्यात पाव लपवून नेत होती. राजानं अडवलं आणि पावांचे गुलाब झाले. तुम्ही तिथे होतात, तेवढं शपथेवर सांगा,” बिशपनं पाठवलेले फादर म्हणाले. दिवंगत राणीला संत ठरवायचं, तर चमत्काराला साक्षीदार हवा होता.

म्हातारी ओदिला हसली. “होते ना. सात वर्षांची, किल्ल्याच्या दाराशीच बसलेली. राजा ओरडला, ‘काय लपवलंयस?’ राणीनं आपणहून ओचा सोडला. भदाभद पाव पडले. म्हणाली, ‘पाव आहेत. उद्याही नेणार.’ मग तिथंच खाली बसून तिनं एकेक पाव उचलून आम्हाला वाटला. राजा बाजूला झाला.”

फादरांच्या कपाळावर आठ्या आल्या. “आजी, अख्खं राज्य गुलाबच म्हणतंय. तुमच्यामुळे तिचं संतपद अडेल.”

“अडू दे! ती राजासमोर खोटं बोलली नाही. मी तुमच्यासमोर बोलू?”

तिनं बायबलवर हात ठेवला.

“तीन दिवसांची उपाशी होते मी, फादर. त्या पावांचे गुलाब झाले असते, तर आज साक्ष द्यायला मी उरले असते का?”