शेवटच्याची पाठ

“टोपी तिरकी झालीय,” ती खाटेवरून म्हणाली.

“तिरकीच घालतात ती.”

“ठाऊक आहे. पण इतकी नाही. मांजरानं ढकलल्यासारखी दिसतेय.”

म्हाताऱ्यानं हॉस्पिटलच्या खिडकीच्या काचेत बघून लाल टोपी सारखी केली. कोटावर पंखांचा बिल्ला होता, तो कालच घासून चकचकीत केलेला. आज जुन्या छत्रीधारी सैनिकांचा सत्कार होता. त्यांच्यातले जे उडी मारून गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं व्यासपीठावरून त्यानंच घ्यायची होती. जावई खाली गाडीत बसून मिनिटं मोजत होता. लेक कोपऱ्यात संत्रं सोलत होती. ते कुणीच खाणार नव्हतं.

खोली लहान होती. एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला खिडकी, मधे खाट.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी बापलेकीला जिन्यापाशी गाठलं होतं. आता फार वेळ उरलेला नाही, घरी न्यायचा विचार सोडा, म्हणाले. तिला कळू द्यायचं नाही, असं दोघांनी तिथेच ठरवलं. लेकीला ते जमत होतं. ती संसारात मुरलेली होती. म्हातारा मात्र या कामात अगदीच कच्चा. पाय जमिनीवर नसताना त्याला कधी भीती वाटली नव्हती, पण बायकोच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं म्हटलं की वाक्य अर्ध्यावरच अडायचं. म्हणून लेकीनं त्याच्याकडून एकच वाक्य पाठ करून घेतलं होतं: पुढच्या आठवड्यात घरी जायचंय. सकाळपासून त्यानं ते इतक्यांदा म्हटलं, की सिस्टरनंसुद्धा विचारलं, “आजोबा, तुम्हाला घरी जायचंय की आजींना?”

“भाषण म्हणून दाखवा,” बायको म्हणाली.

“तिथे ऐकतील ते. तू पड जरा.”

“माझ्यासमोर अडखळलात तर चालेल. तिथे अडखळलात तर माझं नाक कापलं जाईल.”

मग तो खाटेच्या पायथ्याशी ताठ उभा राहिला आणि त्यानं पहिल्या उडीची गोष्ट सुरू केली. विमानाचं दार उघडतं, वारा कानात शिरतो, सगळे रांगेत उभे. प्रत्येकानं आपल्या पुढच्याची पाठ बघायची. छत्रीचे पट्टे, दोरी, दोरीचा आकडा, सगळं हातानं चाचपायचं आणि खांद्यावर थाप मारून ओरडायचं, “ठीक!” स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, ती दुसऱ्याच्या भरवशावर टाकायची.

“आता कुणीतरी विचारणार,” ती म्हणाली, “की शेवटच्याच्या मागे तर कुणीच नसतं, मग त्याची पाठ कोण बघतं? विचारतातच.”

“शेवटचा दाराकडे पाठ करतो. पुढचा मागे वळून त्याची पाठ बघतो.”

“हं. आणि ज्या झाडावर जाऊन अडकलात, त्याची उंची जरा आवरा. लग्नात सांगितलंत तेव्हा ते आंब्याचं कलम होतं. परवा ऐकलं तर मनोऱ्याएवढं झालेलं.”

लेक हसली आणि पटकन तोंड फिरवून तिनं डोळे पुसले.

ही खांद्यावरची थाप त्यानं फौजेतून घरी आणली होती. निवृत्त झाल्यावरही पाठ तपासून घेतल्याशिवाय त्याचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नसे. भाजी आणायला निघाला तरी दाराकडे तोंड करून उभा राहायचा. बायको कणकेचा हात धुऊन यायची, त्याची कॉलर ओढायची, नसलेले पट्टे चाचपायची आणि खांद्यावर सणसणीत थाप मारायची. “ठीक! कोथिंबीर विसरू नका.” शेजारी खिडकीतून हसायचे. हसू देत, असं दोघांचं मत होतं.

खाली हॉर्न वाजला.

“मी जात नाही,” तो एकदम म्हणाला. “दुसरं कुणीतरी घेईल नावं.”

“दुसऱ्याला ती वाचावी लागतील. तुम्हाला पाठ आहेत. जा.”

तो सवयीनं दाराकडे तोंड करून, तिच्याकडे पाठ करून खाटेला टेकून उभा राहिला. थाप पडेना. हात उचलण्याचं बळही गेलं की काय?

“असं नाही,” ती म्हणाली. “त्या बाजूला जा. खिडकीकडे.”

उजेडात नीट दिसावं म्हणून असेल, असं त्याला वाटलं. तो खाटेला वळसा घालून गेला.

“तोंड बाहेर करा. बसा जरा, माझा हात पोचू दे.”

तो खाटेच्या कडेवर बसला. तिनं कॉलर ओढली. बोटं खांद्यावरून कमरेपर्यंत सावकाश फिरली, एकेका पट्ट्याच्या जागी थांबत. इतका वेळ तिनं कधीच लावला नव्हता. मग थाप पडली. हलकी, पण पडली.

“ठीक.”

तो उठला. घसा खाकरून म्हणाला, “पुढच्या आठवड्यात...” आणि तिथेच अडला. आपण कसे उभे आहोत, ते त्याच्या ध्यानात आलं. तोंड खिडकीकडे. पाठ तिच्याकडे. आणि तिच्या पलीकडे दार.

संत्र्यावरचे लेकीचे हात थांबले.

“कुणी सांगितलं तुला?” त्यानं मागे न बघता विचारलं.

“तुम्हीच. इतकी वर्षं सांगताय,” ती म्हणाली. “आधी जाणाऱ्यानं शेवटच्याची पाठ बघूनच जायचं.”