बिनजोकरची तीन पानं

फोनवरच्या रमीत लाल पट्टी आली. चुकीचं डिक्लेअर. कमलाबाईंच्या नावापुढे दंडाचे ढीगभर पॉइंट चढले.

"बिघडला तुझा फोन," त्या सपनाला म्हणाल्या. "इस्पिकची सत्ती, अठ्ठी आणि जोकर. बदामात राजा, राणी आणि जोकर. बाकी तीन एक्के, चारही दश्श्या. डाव लागला माझा."

सपना त्यांच्या शिवणवर्गातली मुलगी. हातातली कात्री बाजूला ठेवून तिने स्क्रीन पाहिली.

"काकू, जोकर लावा, पण एक सिक्वेन्स तरी बिनजोकरचा पाह्यजे. सलग तीन पानं, खरीखुरी. त्याच्याबिगर डाव लागतच नाई."

"आमच्या घरी लागते."

"सगळीकडे हाच नियम आहे, काकू."

कमलाबाईंनी तीच पानं पुन्हा एकदा मोजली. वर्गातल्या पोरी मशीनवरून मान वर करून पाहू लागल्या.

कमलाबाई आणि भैयाजी या नवरा-बायकोचं भांडण हिंगणघाटात कोणी कधी ऐकलं नव्हतं. दोघांचं पटलं नाही की भैयाजी कपाटातून पत्त्यांचा कॅट काढायचे. रमीचा एक डाव. जो जिंकेल त्याचं खरं, हरणाऱ्याने मागून कुरकुर करायची नाही. आणि जिंकायच्या बहुतेक वेळा कमलाबाईच. भैयाजींना आष्टीला भावांजवळ घर बांधायचं होतं, ते हिंगणघाटात बांधलं गेलं. मुलगी इला नागपूरला शिकायला गेली. समोरच्या खोलीत शिवणवर्ग निघाला. सगळं डाव जिंकून. त्याचा कमलाबाईंना कोण अभिमान.

आताचं भांडण मोठं होतं. भैयाजी मुलाकडे, साकेतकडे पुण्याला गेले आणि तिथेच रमले. फिरायला बाग, गप्पांना माणसं, दवाखाना हाकेच्या अंतरावर. "इथलंच पाहू आता, तिथलं घर विकून टाकू," असं ते फोनवर म्हणाले. कमलाबाईंना हिंगणघाट सोडायचं नव्हतं. वर्ग सोडायचा नव्हता. तिथे जाऊन सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून वावरायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना. शेवटी भैयाजींनीच तोड काढली. "मोबाईलवर खेळू. फुकटातला खेळ आहे, पैशाबिशाचा नाई. रविवारी दुपारी टेबल लावतो मी."

म्हणून तर हे शिकणं चाललं होतं.

आणि आता हा नियम. कमलाबाईंना एकदम भैयाजींचा खेळ आठवला. जोकर हाती असून हा माणूस बसून राहायचा. एकेक पान ओढायचा, टाकायचा, वाट पाहायचा. त्यांना वाटायचं, नवरा मंद आहे खेळात, बिचारा. लग्नकार्यात जानोशात, वऱ्हाडाच्या मुक्कामी, पुरुषांच्या घोळक्यात मात्र हाच मंद माणूस सगळ्यांना रडवून उठायचा. तेव्हा त्यांना त्याचं नवल वाटलं होतं, पण विचारलं कधी नव्हतं.

नवलाचं काही नव्हतंच. तो खऱ्या नियमाने खेळत होता आणि त्या खोट्या नियमाने. नवी नवरी असताना त्यांनी पहिल्यांदा सगळीकडे जोकर लावून डाव मांडला, तेव्हा नणंद फिसकन हसली होती. भैयाजी तिच्याकडे न पाहता म्हणाले होते, "लागला."

दुसरी कोणी असती तर विरघळली असती. कमलाबाईंना राग आला. अस्सा राग आला की त्यांनी फोन पालथा घालून ठेवला. घर, इलाचं शिक्षण, हा वर्ग, यातलं काहीच आपण मिळवलं नव्हतं. पोराला खेळात जिंकवतात तसं आपल्याला जिंकवलं होतं.

मग त्या हट्टालाच पेटल्या. दुपारचं शिवण आटोपलं की सपनाला समोर बसवून खेळायच्या. आधी बिनजोकरची तीन पानं, मग दुसरं काही. बिनकामाचे राजे-राण्या लवकर टाकून मोकळं व्हायचं. समोरच्याने कोणतं पान उचललं ते लक्षात ठेवायचं आणि त्याच्या शेजारचं पान मरेस्तोवर सोडायचं नाही. सपना दोनदा धडाधड हरली तेव्हा त्यांचा जीव जरा थंड झाला.

रविवारी टेबल लागलं. कमलाबाईंची किलवरची तिर्री, चव्वी, पंजी आल्या आल्याच जुळली. भैयाजींनी चौकटची नव्वी उचलली, म्हणून कमलाबाईंनी आपली चौकटची दश्शी दाबून धरली. हात भराभर जमत गेला. फक्त एक पान यायचं होतं. हा डाव आपला, हे त्यांना पहिल्यांदा खरंखुरं कळत होतं.

तेवढ्यात भैयाजींनी डिक्लेअर केलं. त्यांची पानं उघडी पडली. दोन सिक्वेन्स, दोन्हीत जोकर. लाल पट्टी. कमलाबाई विजयी.

सपनाने टाळी वाजवली. कमलाबाईंनी फोन लावला.

"तुम्हाले नियम माहीत नाई?"

"फोनचे नियम मले काय ठाऊक," भैयाजी म्हणाले. "तू जिंकली. नाई विकत घर. उद्याच्या गाडीने येतो मी."

"जानोशात असा डाव मांडला होता का कधी?"

पलीकडे भैयाजी खाकरले.

"इतकी वर्षं झाली, कमल. आता कायले काढतं ते?"

"काऊन जिंकवत राह्यले मले?"

"तुह्यासमोर जिंकून मी काय करू?" ते हळूच म्हणाले. "जे मागत होती ते बरोबरच मागत होती."

कमलाबाईंनी समोर पाहिलं. ओळीने मशीनी होत्या, अर्धवट शिवलेली पोलकी होती. हे सगळं आता त्यांचंच राहणार होतं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"येऊ नका उद्या," त्या म्हणाल्या. "टेबल लावा पुन्हा, आणि जानोशात खेळता तसे खेळा. हरली तं पुण्याले येईन मी."