विहिरीवरची मुलगी

शाळेत पंधरा ऑगस्टला ‘स्वातंत्र्यानंतरचं आपलं गाव’ असं चित्रांचं प्रदर्शन लागणार होतं. जुनं गाव तर धरणात गेलेलं. म्हणून सात वर्षांची संबोधी आजीला विचारून विचारून चित्र काढत होती आणि लीलाबाई बोट ठेवून सांगत होत्या, हितं देऊळ, हितं चावडी, हितं पिंपळाखाली विहीर.

विहिरीवर बायकांची रांग काढून झाली. रांगेत सगळ्यांत पुढे संबोधीनं परकर-पोलक्यातली एक मुलगी काढली, डोक्यावर मडकं घेतलेली.

“आजी, ही तू.”

शेजारी मेथी निवडणारा तिच्या आईचा, मायाचा हात थांबला. त्या विहिरीवर आपल्या वस्तीला पाणी भरू देत नसत, हे तिनं लेकीला अजून सांगितलं नव्हतं. आज तरी नको, एवढंच तिला वाटत होतं.

लीलाबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ धरला.

“चुकलं का गं, आजी?”

“न्हाई बाई, लई ब्येस काढलंस. फकस्त ते मडकं खोड आन् पितळी हंडा काढ तितं.”

“का?”

“मडकं फुटतंय बाळा, दगड लागला की.”