चांगल्या वर्तणुकीचा जामीन

गिरणी बंद पडली आणि चाळीत गर्दच्या पुड्या आल्या. मागोमाग सुरेही आले. थोरला त्या पुड्यांपायी गेला, तेव्हापासून अनसूयाबाई रोज वासूशेठच्या पानपट्टीसमोर उभ्या राहून गिऱ्हाइकांना हाकलत होत्या. धाकटा तरी वाचावा, एवढंच.

गणपतीच्या तोंडावर पोलिसांनी वॉर्डातल्या उपद्रवी मंडळींना उचललं. त्यात पहिल्या अनसूयाबाई.

"चांगल्या वर्तणुकीचा जामीन लागेल, मावशी," साहेब म्हणाले. "कुणी प्रतिष्ठित माणूस आणा."

चाळीत तसं उरलं होतं कोण? संध्याकाळी शांतता समितीचे अध्यक्ष आपणहून आले आणि सही करून मोकळे झाले. अध्यक्ष म्हणजे वासूशेठच.

"चला मावशी, घरी," ते म्हणाले. "धाकट्याची काळजी सोडा. सकाळपासून आमच्या पानपट्टीवरच बसलाय. चटकन शिकतो हो पोरगा."