फळ्यावरची रिकामी जागा

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी विमान शेतात कोसळलं. लढाई सुरू होऊन चार महिने झाले होते. वैमानिक एकवीस वर्षांचा. आघाडी त्यानं अजून पाहिलीही नव्हती. उड्डाण सरावाचं होतं. चौकशीचा निष्कर्ष एका ओळीत आटोपला : कारण समजू शकले नाही.

याला एक्केचाळीस वर्षं झाली. दरवर्षी त्या तारखेला, त्याच वेळी, त्या विमानाचा फिटर वैमानिकाच्या थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात बसलेला असे.

"आलात? मागच्या खेपेला म्हणालात, गुडघे गेले, आता येणं व्हायचं नाही," ताई म्हणाल्या.

"गुडघेच गेले. पाय आहेत अजून."

नऊ बाराला दोघं गप्प बसले. नळ तेवढा टपटपत होता.

"आज बासष्टचा असता धाकटा," थोड्या वेळानं ताई म्हणाल्या. "टक्कल पडलं असतं, बाबांसारखं. आणि टोपी घालून हिंडला असता." त्यांनी चहा गाळला. "तुमच्या त्या फळ्याचं सांगा."

हेही दरवर्षीचंच. फिटरनं सांगितलं. हँगरच्या भिंतीवर फळा, त्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली. हत्यारावर ज्याचा त्याचा नंबर ठोकलेला, फिटरचा सतरा. काम संपलं की जागच्या जागी टांगायचं. एक जरी जागा रिकामी दिसली, तरी हत्यार विमानातच राहिलं असेल म्हणून ते सापडेपर्यंत विमान हलायचं नाही.

"आणि त्या दिवशी फळा भरलेला होता."

"होता."

इथवरच तो दरवर्षी सांगत आला होता. त्या सकाळी एक जागा रिकामी होती, त्याच्याच पान्याची. शोधाशोध केली असती तर उड्डाण रद्द झालं असतं, वर साहेबाची बोलणी. त्यानं कपाटातला जादाचा पाना काढून तिथे टांगला. हे त्यानं चौकशीत सांगितलं नाही, बायकोलाही नाही. सोमवारी त्याच्या छातीचं ऑपरेशन होतं. आज ताईंना सांगायचंच, असं ठरवून तो आला होता.

"ताई, एक सांगायचं राहिलंय."

"आधी तो नळ बघा. चार दिवस डोकं उठवलंय त्यानं."

"हत्यारं नाही आणली."

"घरात आहे एक." ताईंनी खालचा खण ओढला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याच्यापुढे ठेवलं. "विमानाच्या सांगाड्यात सापडलं होतं. त्याचंच असेल म्हणून पाठवलं त्यांनी, घड्याळाबरोबर."

त्या समोर बसल्या. कप त्याच्याकडे सरकवला.

"हं, बोला. काय राहिलंय?"

फिटरनं फडकं उलगडलं. पाना पुसून, तेल लावून ठेवलेला होता. गंजाचा ठिपका नव्हता. दांड्यावर आकडा होता, सतरा.