ढिली केबल

"ऑइल बदललंय, अप्पा," अंगणात मोटरसायकल लावत शलाका म्हणाली. "निशिकांतनं घरीच केलं, व्हिडिओ बघून."

अप्पांच्या हातातला पाना तसाच राहिला. लेकीनं कॉलेजात असताना गाडी घेतली, तेव्हापासून तिच्या देखभालीचं सगळं काम तेच करत आले होते. लग्नानंतरही ती त्यासाठी मिरजेहून सांगलीला यायची. जावई म्हणून निशिकांतबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, पण या गाडीला त्याचा हात लागलेला त्यांना सोसेना.

ते पोत्यावर बसून चुका शोधू लागले. ऑइल कुठेच गळत नव्हतं. प्लग स्वच्छ होता, ब्रेकही नीट लागत होते. अप्पांचं तोंड आणखी कडू झालं. शेवटी त्यांनी क्लच दाबून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघ! केबल ढिली ठेवलीय. व्हिडिओ बघून गाड्या दुरुस्त होतात होय?"

ते केबल आवळायला लागले, तसा शलाकानं त्यांचा हात धरला. "राहू द्या, अप्पा. त्यानं मुद्दाम केलीय. माझी बोटं आखूड आहेत ना, आता क्लच सोडताना ताणावी लागत नाहीत."

अप्पांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते स्वतःच्या हाताच्या मापानं केबल आवळत होते.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं करायचात."

अप्पांनी पाना खाली ठेवला.

"क्लच राहू दे त्याच्याकडे," ते फुरंगटून म्हणाले, "पण चेनला हात लावायचा नाही म्हणावं. ती मीच बघणार."